बॅटची एक बाजू काळीच का?

भाच्याला मध्यंतरी टेबल टेनिसची नवी बॅट घेऊन दिली. घरी आल्यावर त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मामा, दोन्ही बाजू लाल का नाहीत? काळी बाजू कसली बेकार दिसते." मी म्हटलं, "नियम आहे." त्यावर अर्थातच, "पण का?" दहा वर्षांच्या मुलाला "नियम आहे" एवढं उत्तर पुरत नाही. या खेळाच्या बाबतीत तर ते मोठ्यांनाही पुरू नये. इथला जवळजवळ प्रत्येक विचित्र नियम म्हणजे कुणाच्या तरी चलाखीवर ठोकलेलं टाळं आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा चलाख्या जगापुढे आल्या त्या एकाच स्पर्धेत. ती म्हणजे टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा.

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. विश्वचषक ही वेगळी स्पर्धा. ती 1980 साली हाँगकाँगमध्ये सुरू झाली आणि तिथे मोजके, निवडक खेळाडू खेळतात. गोव्यात 2023 आणि 2024 साली जी 'स्टार कंटेंडर' झाली, ती डब्ल्यूटीटी नावाच्या मालिकेतली. ही मालिका वर्षभर गावोगाव फिरते आणि तिच्यातून क्रमवारीचे गुण आणि बक्षिसाचे पैसे मिळतात. जागतिक अजिंक्यपद या सगळ्यांची आजी आहे. ती 1926 पासूनची. सुरुवातीला ती वर्षाला एकदा व्हायची, 1957 च्या स्टॉकहोमनंतर एक वर्षाआड होऊ लागली. 2003 पासून तिचे दोन भाग पडले: विषम वर्षी वैयक्तिक, सम वर्षी सांघिक. म्हणजे फिरून पुन्हा दरवर्षीच. मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाने सात वर्षं गिळली आणि 2020 ची बुसानची स्पर्धा कोविडने.

पहिली स्पर्धा डिसेंबर 1926 मध्ये लंडनला झाली. ती घडवून आणणारा आयव्हर माँटेग्यू तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता. बड्या सरदार घराण्यातला मुलगा, विचारांनी कम्युनिस्ट, पुढे चित्रपटांच्या धंद्यातही. बऱ्याच वर्षांनी उघड झालेल्या कागदपत्रांत त्याचं नाव सोव्हिएत हेरखात्याशीही जोडलं गेलं, पण ती वेगळीच कादंबरी. त्याची आई लेडी स्वेथलिंग. तिने पुरुषांच्या सांघिक स्पर्धेसाठी चषक दिला, तोच आजचा स्वेथलिंग चषक. 'पिंगपाँग' हे नाव खेळण्यांच्या कंपनीने आधीच नोंदवून ठेवलं होतं, म्हणून खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'टेबल टेनिस' हे नाव घेतलं. माँटेग्यू या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि 1967 पर्यंत राहिला. अशी खुर्ची आपल्याकडच्या क्रीडा संघटनांनाही हेवा वाटावी अशीच!

त्या पहिल्या स्पर्धेत नऊ संघ होते आणि त्यात एक भारताचा. तिचं नाव खरं तर युरोपीय अजिंक्यपद ठरलं होतं. पण भारतीय खेळत असताना तिला युरोपीय म्हणणार कसं? म्हणून ती जागतिक झाली. पुरुष एकेरीत हंगेरीचा रोलंड याकोबी जिंकला, महिलांत हंगेरीचीच मारिया मेदन्यान्स्की. पुढची दहाएक वर्षं हंगेरीचं राज्य होतं. त्यांचा व्हिक्टर बार्ना पाच वेळा एकेरीचा विजेता झाला. मधेच 1929 साली बुडापेस्टला फ्रेड पेरी नावाचा इंग्रज जिंकून गेला आणि मग टेनिसकडे वळून विंबल्डन सलग तीनदा जिंकला. टेबलावर जगज्जेता होऊन विंबल्डनचं गवतही एकेरीत जिंकणारा दुसरा कुणी झाला नाही.

आता पहिल्या मोठ्या भानगडीकडे येऊ. त्यासाठी तेव्हाची बॅट डोळ्यांसमोर आणायला हवी. लाकडी फळी, तिच्यावर दाणेदार रबराचा पातळ थर, आत स्पंज वगैरे काही नाही. अशा बॅटने चेंडूला फारशी फिरकी देता येत नाही. फिरकी नसली तर जोरात मारलेला चेंडू सरळ टेबलाबाहेर जातो. टॉपस्पिनची गंमत हीच असते की पुढच्या दिशेने गरगरणाऱ्या चेंडूला हवा खाली दाबते, त्यामुळे तो वेगात असूनही शेवटी वाकून टेबलावर उतरतो. ती सोय नव्हती. त्यात जाळी आजच्यापेक्षा उंच, सुमारे 17 सेंटिमीटर. म्हणजे हल्ला करणाऱ्याची दोन्हीकडून पंचाईत. हिशोबी खेळाडूंनी निष्कर्ष काढला: मारायचंच नाही. नुसतं ढकलत राहायचं, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत.

1936 साली प्रागला या शहाणपणाची हद्द झाली. पोलंडचा अलोयझी एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ फार्काश समोरासमोर आले. दोघेही ढकलणारे. पहिला गुण मिळायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. सामना नव्हे, पहिला गुण! पंचाची मान आखडली आणि दुसरा पंच बसवावा लागला, असं सांगतात. तो गुण एर्लिखला मिळाला. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रिया आणि रुमानिया यांची सांघिक अंतिम लढत काही केल्या एका दिवसात संपेना. (हा एर्लिख पुढे युद्धात आउश्विट्झच्या छळछावणीत गेला, तिथून जिवंत परतला आणि पुन्हा खेळला. त्याचं नाव फक्त त्या एका गुणासाठी निघतं, हे मला नेहमी थोडं अन्यायाचं वाटतं.)

पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या बाडेन गावी महिलांच्या अंतिम सामन्यात अमेरिकेची रूथ आरन्स आणि ऑस्ट्रियाची ट्रूड प्रिट्झी ढकलाढकली करत बसल्या. आता वेळेची मर्यादा आली होती. ती संपल्यावर दोघींनाही बाद केलं आणि त्या वर्षी विजेतीच जाहीर झाली नाही. ही चूक सुधारायला संघटनेने 2001 साल उजाडू दिलं. तेव्हा कुठे दोघींना संयुक्त विजेत्या ठरवलं.

मग जाळी खाली आली: 15.25 सेंटिमीटर, आजही तेवढीच. पुढे वेळेवरही कायमचा तोडगा निघाला. दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि दोघांचे मिळून 18 गुणही झाले नसतील, तर पद्धत बदलते. सर्व्हिस एकेक गुणाला आलटून पालटून, आणि समोरच्याने 13 चेंडू नीट परतवले की गुण त्याचा. म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला मारावंच लागतं, ढकलत बसलं तर गुण हातचा जातो. हल्ली टीव्हीवर हे क्वचितच दिसतं, कारण तशी वेळ फारशी येत नाही. पण नियम पुस्तकात आहे, आणि तो प्रागच्या त्या दोन तासांचा वंशज आहे.

त्याच सुमारास अमेरिकी खेळाडूंनी वेगळीच करामत आणली होती. सर्व्हिस करताना चेंडू बोटांत चिमटून, भोवरा फिरवतात तसा फिरवून सोडायचा आणि मग बॅट लावायची. फिरकी इतकी की समोरच्याचा चेंडू कुठेही जायचा. सॉल शिफ यात पटाईत. 1937 नंतर यावर बंदी आली. सर्व्हिसच्या आधी चेंडू उघड्या, सपाट तळहातावर दाखवावा लागतो तो त्यामुळेच. शाळेच्या स्पर्धेत पंच "पंजा उघड" म्हणून ओरडतात, तेव्हा हे कुणाला ठाऊक असतं!

इथवर सगळं युरोपात चाललं होतं. युद्धाआधी एकदा कैरोला, बाकी प्राग, बुडापेस्ट, लंडन, पॅरिस. मग 1952 च्या फेब्रुवारीत स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली आणि आली ती मुंबईत. या खेळाचे दोन भाग करायचे झाले, तर मुंबईच्या आधीचा आणि मुंबईच्या नंतरचा, असेच करावे लागतील.

जपानचा संघ पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला, किरकोळ अंगाचा खेळाडू होता. संघातल्या मोठ्या नावांत त्याची गणना नव्हती. पण त्याच्या बॅटवर रबराऐवजी जाड स्पंज होता. नुसता स्पंज, वर रबराचं आवरणही नाही. लोक हसले असतील. पहिल्या फेऱ्यांनंतर हसणं बंद झालं असणार.

काय होत होतं ते घरी करून बघता येतं. टेबल टेनिसचा चेंडू लाकडी पाटावर टाका. टक्क असा कोरडा आवाज येतो आणि तो लगेच उडतो. आता तोच चेंडू हवाई चपलेच्या तळव्यावर टाका. आवाज दबतो, आणि चेंडू क्षणभर आत रुतून मग उसळतो. सातोच्या बॅटवर नेमकं हेच होत होतं. चेंडू स्पंजात शिरायचा, तिथे थोडा जास्त वेळ राहायचा आणि गोफणीतून सुटल्यासारखा बाहेर पडायचा.

आता समोर उभ्या असलेल्या युरोपीय किंवा अमेरिकी खेळाडूचा विचार करा. तो वीस वर्षं कानांवर खेळत आलाय. 'टक्क' किती जोरात आला यावरून त्याचा हात आपोआप ठरवतो, चेंडू किती वेगात येणार. आणि इथे आवाजच नाही. सातोचा हात संथ हलतो, पण चेंडू अंगावर येतो. आपण जिवाच्या आकांताने स्मॅश मारावा, तर त्याने नुसती बॅट धरावी आणि आपलाच जोर आपल्याकडे परत यावा. अमेरिकेचा मार्टी रीझमन जेतेपदाच्या आशेने मुंबईला आला होता. तो सातोकडून हरला आणि पुढे म्हातारा होईपर्यंत स्पंजच्या नावाने बोटं मोडत राहिला. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोसियानला हरवलं.

जपानने पहिल्याच खेपेला सातपैकी चार विजेतेपदं नेली: पुरुष एकेरी, दोन्ही दुहेरी आणि महिलांचा सांघिक कॉर्बिलाँ चषक. पुरुषांचा सांघिक चषक मात्र हंगेरीने सोडला नाही, आणि महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूकडेच राहिली. म्हणजे स्पंज हाच सगळा चमत्कार, असं म्हणणं अर्धवट आहे. जपानची बाकीची मंडळी दाणेदार रबरानेही उत्तम खेळत होती. सातो स्वतः जागतिक स्पर्धा पुन्हा कधी जिंकला नाही. गुपित एकदाच चालतं. पण लोकांना त्याचा खेळ आठवला नाही, बॅट आठवली.

पुढची काही वर्षं बॅटांचा बाजार सैरभैर झाला. जाड स्पंज, पातळ स्पंज, वर रबर, खाली रबर, जो तो काहीतरी चिकटवून बघत होता. मुकाबला खेळाडूंचा की दुकानदारांचा, असा प्रश्न पडावा. शेवटी 1959 साली संघटनेने माप ठरवलं. नुसत्या स्पंजवर बंदी आली. दाणेदार रबर एकटं असेल तर जाडी 2 मिलिमीटरपर्यंत, स्पंज आणि रबर मिळून 4 मिलिमीटरपर्यंत. त्यालाच सँडविच म्हणतात, आणि आज आपल्या हातात असते ती बॅट हीच. दाणे बाहेर ठेवले तर वेग जास्त, दाणे आत आणि गुळगुळीत बाजू वर ठेवली तर पकड आणि फिरकी जास्त. सगळा आधुनिक टॉपस्पिन त्या 4 मिलिमीटरमध्ये मावतो.

योगायोग बघा. त्याच 1959 साली डॉर्टमुंडला चीनचा रोंग ग्वोत्वान एकेरी जिंकला. कुठल्याही खेळात चीनचा तो पहिला जगज्जेता. दोन वर्षांनी स्पर्धा बीजिंगला भरली आणि चीनच्या झुआंग झेडोंगने सलग तीनदा विजेतेपद घेतलं. मग सांस्कृतिक क्रांती आली. 1967 आणि 1969 ला चीन आलाच नाही, आणि रोंगने 1968 मध्ये छळाला कंटाळून आयुष्य संपवलं. 1971 ला नागोयात चीन परतला, तेव्हा ग्लेन कोवन हा अमेरिकी खेळाडू चिनी संघाच्या बसमध्ये चढला, झुआंगने त्याला ह्वांगशान डोंगरांचं चित्र असलेलं रेशमी कापड भेट दिलं, काही दिवसांत अमेरिकी संघ चीनला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे एवढीच. भारतात स्पर्धा आणखी दोनदा आली, 1975 ला कोलकात्यात आणि 1987 ला दिल्लीत. कोलकात्याचं नेताजी इनडोअर स्टेडियम त्या निमित्तानेच उभं राहिलं.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. सँडविचचं माप ठरलं, पण रबर कसलं लावायचं ते मोकळंच होतं. त्यातून 'अँटी' निघालं. नेहमीच्या रबरासारखंच दिसणारं, पण वरून घसरडं. नेहमीचं रबर चेंडूला पकडतं आणि आपली फिरकी देतं. अँटी पकडतच नाही, त्यामुळे चेंडू आधीच्याच दिशेने गरगरत परत जातो. तुम्ही टॉपस्पिन दिलात, तर तुमच्याकडून बघताना तो उलट्या फिरकीचा होऊन येतो. तुम्ही नेहमीसारखं मारायला जाता आणि चेंडू जाळीत.

हे दिसत असतं तर कुणीही शिकून घेतलं असतं. पण तेव्हा बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असायच्या. एका बाजूला पकडणारं रबर, दुसऱ्या बाजूला अँटी. दोन फटक्यांच्या मधे खेळाडू बॅट हातातल्या हातात गर्रकन फिरवायचा. कुठल्या बाजूने मारलं, हे समोरच्याला कळायला मार्गच नाही. चीनचा त्साय झेनह्वा असाच खेळून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भल्याभल्यांना रडवत होता. प्रेक्षकांना तर काहीच कळायचं नाही. जगातला अव्वल खेळाडू साधी सर्व्हिस जाळीत घालतो, त्यात बघण्यासारखं काय?

एक खूण मात्र उरली होती: आवाज. दोन रबरांचा टणत्कार वेगळा. कान तिखट असणारे त्यावरून ओळखायचे. यावर उपाय म्हणून काहींनी सर्व्हिस करताना नेमका चेंडूला बॅट लागण्याच्या क्षणी पाय जोरात आपटायला सुरुवात केली, म्हणजे आवाज त्यात बुडून जाईल. मुंबईत सातोच्या बॅटने आवाज खाल्ला होता, इथे बुटाने. शेवटी पाय आपटण्याला मनाई झाली, दोन्ही बाजूंचे रंग वेगळे करावे लागले, आणि काही वर्षांत रंगही ठरले: एक काळा, एक लाल. तेव्हापासून सामन्याआधी दोघे एकमेकांची बॅट मागून घेतात, उलटून बघतात, बोट फिरवून बघतात. ती नुसती सभ्यता नसते. लाल बाजूला काय आहे आणि काळ्या बाजूला काय, ते पाठ करून ठेवायचं असतं.

नंतरच्या नियमांचं थोडक्यात उरकतो. 2000 साली चेंडू 38 वरून 40 मिलिमीटरचा झाला, कारण टीव्हीवर तो दिसतच नव्हता. मोठ्या चेंडूला हवा जास्त अडवते, म्हणून तो जरा हळू. 2001 साली 21 गुणांचा गेम 11 चा झाला आणि सर्व्हिस पाचाऐवजी दोन-दोन. 'ट्वेंटी ऑल' म्हणत मोठं झालेल्या आमच्या पिढीला 'टेन ऑल' अजूनही अळणी लागतं. 2002 मध्ये दंडाआड चेंडू लपवून सर्व्हिस करणं बंद झालं. 2008 मध्ये रबराला सामन्याआधी लावायचा वासाचा, उडणाऱ्या द्रावकाचा डिंक गेला. तो स्पंज फुगवायचा, वेग वाढवायचा, आणि बंद खोलीत डोकं चढवायचा. 2014 पासून सेल्युलॉइडच्या जागी प्लॅस्टिकचा चेंडू.

हे सगळं चीनला अडवण्यासाठी केलं, अशी कुजबुज प्रत्येक वेळी झाली. तसं असेल तर डाव फसला. 2003 ला पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाचा वेर्नर श्लागर जिंकला, त्यानंतर 2025 च्या दोहापर्यंत पुरुष एकेरीत एकही बिगरचिनी विजेता झालेला नाही. महिलांत तर 1995 पासून नाही. माझ्या मते कारण सोपं आहे. नियम बदलला की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तास नव्या नियमाने सराव कोण करतं, तर ज्यांच्याकडे हजारो खेळाडू आहेत ते.

हे सगळं भाच्याला सांगितलं. प्रागच्या दोन तासांवर तो मनापासून हसला, बुटांच्या भागात त्याने फरशीवर पाय आपटून बघितला. शेवटी मी सांगून बसलो की 2021 पासून नियम थोडा सैल झालाय, एक बाजू काळी हवीच, पण दुसरी लालच हवी असं नाही. गुलाबी, जांभळी, हिरवी, निळीही चालते.

"हिरवी चालते?" तो म्हणाला. "मग तू लाल का आणलीस?"